देवघरातील धूर : गुग्गुळ, ऊद आणि धूप यांचा इतिहास

जुन्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले, की सर्वांत आधी गाभारा धुवावा लागतो. भिंतीवर वर्षानुवर्षे चढविलेला चुना आणि तैलरंग खरवडून काढला, म्हणजे त्याखाली काळा, चिकट, बोटाला लागणारा एक थर सापडतो. कढत पाणी आणि काथ्याचा कुंचा घेऊन माणसे चार-चार दिवस घासतात, तेव्हा कोठे मूळचा दगड दिसू लागतो. गवंडी या थराला नुसती ‘काजळी’ म्हणतो आणि ती बादलीभर पाण्याबरोबर वाहून जाते.

ही काजळी म्हणजे त्या देवळाची एक प्रकारची बखरच होय. नंदादीपाचे तेल, आरतीचा कापूर आणि तिन्हीसांजेच्या धुपाटण्यातील धूर ही त्या बखरीची शाई. देवळाला जमीन देणाऱ्याचे नाव सनदेत असते. पायरी बसविणाऱ्याचे नाव पायरीवर कोरलेले असते. परंतु रोज संध्याकाळी निखारे आणून त्यांवर चिमूटभर धूप टाकणाऱ्या गुरवाचे, किंवा घरच्या देवघरात तेच काम करणाऱ्या माउलीचे नाव कोठेही लिहिलेले नसते. त्यांच्या सेवेचा एवढाच पुरावा मागे राहतो.

देऊळ स्वच्छ व्हावे हे योग्यच आहे. मात्र तो धूर कशाचा होता, ती वस्तू कोठून येत होती आणि आज तिचे काय झाले आहे, हे या निमित्ताने गावकरी मंडळींनी व दात्यांनी समजून घेण्यासारखे आहे. दगड पुन्हा बसविता येतो. पण ज्या झाडाच्या चिकापासून धूप मिळतो ते झाड नाहीसे झाले, तर नुसत्या वर्गणीने ते परत आणता येणार नाही.

ग्रंथांतील धूप

गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य हे पूजेचे पाच उपचार लहानथोरांना ठाऊक आहेत. पंढरपुरास श्रीविठ्ठलाच्या नित्योपचारांत काकडआरतीपासून शेजारतीपर्यंतच्या क्रमात धूपारती आहे. शिर्डीस सूर्यास्ताच्या वेळी धूपारती होते. जुन्या सनदांत आणि देवस्थानांच्या जमाखर्चांत ‘दिवाबत्ती’, ‘धूपदीप’, ‘नैवेद्य’ अशा कलमांखाली जमिनी व नेमणुका लावून दिलेल्या आढळतात. १९५० च्या दशकात मुंबई राज्यात वैयक्तिक इनामे खालसा झाली, तरी देवस्थान इनामे राहिली. धुपाची तरतूद पूर्वजांनी कायमची करून ठेवली होती, हे यावरून ध्यानात येईल.

धुपाची परंपरा मात्र देवळांच्या दगडांहून कितीतरी जुनी आहे. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडातील अडतिसावे सूक्त गुग्गुळासंबंधी आहे. ज्याच्यापर्यंत गुग्गुळाचा सुवास पोचतो त्याच्यापासून रोग दूर पळतात, असा त्याचा आशय आहे. सिंधूकडून येणारा आणि समुद्राकडून येणारा असे गुग्गुळाचे दोन प्रकारही त्यात सांगितले आहेत. म्हणजे त्या काळीसुद्धा ही वस्तू दूरदेशाहून येत होती.

पुढे वैद्यकाच्या ग्रंथांत धुराला औषधाचे स्थान मिळाले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रक्रियेनंतर द्यावयाची धुरी सांगितली आहे. तीत गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड आणि पांढरी मोहरी यांचे चूर्ण, त्यात मीठ व कडुनिंबाची पाने, आणि वर तूप, अशी द्रव्ये आहेत. चरकसंहितेत नवजात बालकाचे कपडे व अंथरूण यांना धुरी देण्यासाठी जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड आदी पदार्थ सांगितले आहेत. काश्यपसंहिता हा तर लहान मुलांच्या आरोग्यावरचाच ग्रंथ. त्यात ‘धूपकल्प’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. नेपाळात सापडलेल्या पोथीवरून हा ग्रंथ १९३८ साली छापून प्रसिद्ध झाला.

राजदरबारातही धुपाचा मान होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये ‘धूपभोग’ असा स्वतंत्र भाग आहे. सुगंधी द्रव्ये तयार करण्याच्या विद्येला ‘गंधयुक्ती’ म्हणत. या विद्येवरील ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. यांपैकी ‘गंधवाद’ ग्रंथावर जुनी मराठी टीका आहे, ही गोष्ट मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. धूप कसा करावा याचा विचार मराठी भाषेतही पूर्वीपासून होत आला आहे.

पैठण, तेर आणि भडोच

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती देणारे ‘पेरिप्लस’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात आपल्याकडील पैठण व तेर या नगरांतून मालाच्या गाड्या भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचीही नावे त्यात येतात. भडोच बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत, अकीक यांच्या बरोबरीने गुग्गुळही नमूद आहे. सिंधूच्या मुखावरील बंदरात अरबस्तानाकडील लोबान उतरत असे आणि तेथूनही गुग्गुळ बाहेर जाई.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कच्छ, सिंध, राजस्थान येथील कोरड्या माळावर एका काटेरी झुडपाच्या खोडातून जो चीक गळतो, त्याला दोन हजार वर्षांपूर्वीही दूरदूरच्या देशांत गिऱ्हाईक होते. गावच्या वाण्याच्या दुकानात कागदाच्या पुडीत मिळणारा गुग्गुळ त्याच व्यापाराचे शेवटचे टोक होय.

घरातील धूर

राजे आणि व्यापारी यांच्या ग्रंथांत जे लिहिले गेले, ते गावातील बायकांना वाचावयास मिळाले नाही. पण त्यांच्या हातांत ती विद्या होती. सूर्य मावळला की अंगणातील तुळशीपाशी दिवा लागे. चुलीतील चार निखारे मातीच्या किंवा पितळेच्या धुपाटण्यात घेतले जात, वर ऊद किंवा राळ टाकली जाई, आणि देवघरापासून माजघर, बाळंतिणीची खोली, गोठा असा तो धूर सगळ्या घरभर फिरे. त्याच वेळी मुले शुभंकरोती म्हणत. दिवेलागणीला डास आत येतात, तेव्हाच हा धूर फिरे, ही सोय जुन्या माणसांनी ओळखलेली होती. गोठ्यात मात्र ऊद न जाळता कडुनिंबाचा ओलासुका पाला व निर्गुडी यांचा धूर करीत. कणगीत धान्य भरताना कडुनिंबाचा पाला घालीत. म्हणजे प्रत्येक जागेची वनस्पती वेगळी होती.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवीत. तीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, वेखंड असे पदार्थ टाकून आई व बाळ दोघांना शेक आणि धुरी देत. न्हाणे झाल्यावर बायका केसांना उदाची धुरी घेत. मुलाला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकीत. सुश्रुताच्या यादीत वेखंड, मोहरी, मीठ आणि कडुनिंब एकत्र आले आहेत, आणि आजीच्या हाताशीही नेमक्या त्याच चार वस्तू असत. ग्रंथातून त्या घरात आल्या की घरातून ग्रंथात गेल्या, याचा निवाडा करण्याची गरज नाही. दोन्हीकडे त्या टिकल्या एवढे खरे.

धूप ही एकाच धर्माची मिरासदारीही नव्हती. हातात उदाचे पात्र आणि मोरपिसांचा कुंचा घेऊन बाजारपेठेतील दुकानांपुढून ऊद फिरविणारा फकीर अनेक गावांनी पाहिला आहे. हिंदू दुकानदारही त्या धुरासमोर हात जोडीत. वसईपासून गोव्यापर्यंतच्या चर्चमध्ये सणाच्या प्रार्थनेत साखळीला टांगलेल्या पात्रातून धूप फिरवितात. पारशी अग्यारीतील अग्नीला चंदन व लोबान वाहिले जाते. वेगवेगळ्या देवांपुढे एकाच जातीच्या झाडांचा चीक जळत आला आहे.

नावे तीच, वस्तू वेगळ्या

धुपाच्या इतिहासात नावांची मोठी गंमत आहे. ‘ऊद’ हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ अगरूचे सुगंधी लाकूड. हे झाड आसामकडील जंगलांत होते. त्याच्या लाकडाला रोग जडला म्हणजे आत काळसर सुवासिक गाभा तयार होतो व तोच अगरू होय. पण मराठी घरांत ‘ऊद’ म्हणून जो खडा जाळला जातो, तो बहुधा सुमात्रा व सयाम या भागांतील वेगळ्याच झाडाचा चीक असतो. ‘लोबान’ या शब्दाचेही तसेच झाले. अरबस्तानात लोबान म्हणजे तेथील एका झाडाचा डिंक. सुमात्राकडून येणाऱ्या चिकाला अरब व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लोबान, म्हणू लागले, आणि आपल्याकडे ‘जावी’ हा शब्द गळून नुसता लोबान उरला.

अरबस्तानातील लोबानाच्या झाडाचा सख्खा भाऊ मात्र महाराष्ट्रातच आहे. तो म्हणजे सालई. खानदेश व विदर्भातील उघड्या, खडकाळ डोंगरउतारांवर ही झाडे वाढतात. त्यांची साल कागदासारखी सुटून येते. तिला खाच पाडली की सुवासिक डिंक पाझरतो. संस्कृत ग्रंथांत या झाडाला ‘शल्लकी’ व डिंकाला ‘कुंदुरू’ म्हणतात. सातपुड्यातील आदिवासी बांधव हा डिंक गोळा करून बाजारात आणीत आले. स्वातंत्र्यानंतर सातपुड्याच्या परिसरात नेपानगर येथे वर्तमानपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला, तो सालई आणि बांबू यांच्या जंगलांचा विचार करूनच. एकाच झाडाने देवापुढचा धूप दिला आणि वाचकाच्या हातातला कागदही दिला.

राळ ही मध्य भारतातील साल वृक्षाची. दक्षिण कोकण, गोवा व कारवारकडील सदाहरित जंगलांत ज्या झाडाचा काळा चीक जाळतात, त्या झाडालाच लोक ‘धूप’ म्हणतात. ‘दशांग’ धुपात नावाप्रमाणे दहा द्रव्ये असतात; मात्र ती दहा कोणती, याबाबत ग्रंथाग्रंथांत आणि दुकानादुकानांत फरक आढळतो.

कापराचीही हकीकत अशीच आहे. जुन्या ग्रंथांतील उत्तम भीमसेनी कापूर बोर्निओ, सुमात्रा येथील उंच वृक्षांच्या खोडात स्फटिकरूपाने सापडे. पुढे चीन, जपान व तैवान येथील दुसऱ्याच झाडाचा कापूर स्वस्त पडू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी टर्पेंटाइनपासून कापूर कारखान्यात तयार होऊ लागला. आज आरतीच्या तबकातील वडी बहुधा याच प्रकारची असते. नाव मात्र कापूर हेच राहिले.

निखारा विझला

धुपाटण्याला निखारा लागतो आणि निखाऱ्याला चूल लागते. हा साधा संबंध नीट पाहिला, म्हणजे घरातील धूप का मागे पडला ते कळते. आधी रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅसची शेगडी आली. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर तर खेड्यापाड्यांतील लाखो घरांत गॅस पोचला. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती किती जळत होती, हे ज्यांनी पाहिले आहे ते या बदलाचे स्वागतच करतील. पण चुलीबरोबर निखारा गेला, आणि निखाऱ्यावाचून धुपाटणे माळ्यावर जाऊन बसले.

त्याची जागा उदबत्तीने घेतली. उदबत्तीला निखारा लागत नाही. काडी ओढली की काम झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून म्हैसूर व बंगळूरच्या परिसरात हा धंदा वाढीला लागला. बांबूची काडी, कोळशाची भुकटी, चिकटपणासाठी मैदालकडीसारख्या झाडाच्या सालीचे चूर्ण आणि वरून सुगंध, असे तिचे साधारण स्वरूप. घरबसल्या काड्या वळून असंख्य बायकांनी संसाराला हातभार लावला, हेही सांगितले पाहिजे. २०१९ साली केंद्र सरकारने परदेशी उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले, त्यामागे या हातांना काम मिळावे हाच हेतू होता.

परंतु उदबत्तीचा सुगंध आता बहुतेक वेळा झाडाचा नसतो. १८६८ साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कुमारिन, आणि १८७४ साली जर्मनीत टीमान व हारमान यांनी व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार केले. तेव्हापासून कृत्रिम सुगंधांचे युग सुरू झाले. पुड्यावर मोगरा, चंदन, केवडा यांची चित्रे असतात, आणि काडीवर मात्र कारखान्यातील अर्क असतो. त्यात लबाडी आहे असे नव्हे. एवढ्या स्वस्तात खरे चंदन कोणालाच देता येणार नाही. मात्र आपण काय जाळतो आहो, हे जाळणाऱ्याला ठाऊक असावे.

गुग्गुळाचे झाड

या सर्व कथेत सर्वांत जास्त सोसले ते गुग्गुळाच्या झुडपाने. कच्छ, सौराष्ट्र व राजस्थानच्या कोरड्या भागांत हे काटेरी, वेडेवाकडे झुडूप सावकाश वाढते. चीक काढण्याजोगे होण्यास त्याला आठ-दहा वर्षे लागतात. थंडीच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत त्याच्या खोडाला खाचा पाडून चीक काढतात. जुनी रीत अशी, की खाच उथळ घालावी, एका हंगामात थोडा चीक घ्यावा आणि झाडाला पुन्हा सावरू द्यावे.

विसाव्या शतकात ही रीत मोडली. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी गुग्गुळाचा रक्तातील चरबीवर होणारा परिणाम अभ्यासला. त्यानंतर देशोदेशीच्या संशोधकांचे लक्ष या डिंकाकडे गेले. १९८० च्या दशकात त्यापासून केलेले औषध बाजारात आले. पुढे २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या अर्काचा तसा उपयोग दिसून आला नाही. तोवर मागणी मात्र वाढली होती. जास्त चीक मिळावा म्हणून झाडाला खोल घाव घालून त्यावर निरनिराळे लेप लावण्याची पद्धत पडली. अशा झाडातून एकदा भरपूर चीक मिळतो आणि मग ते झाड मरते. चराई आणि उजाड होत जाणारी जमीन यांनी उरलेले काम केले.

निसर्ग संवर्धनासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ साली गुग्गुळाची नोंद ‘अत्यंत संकटग्रस्त’ वनस्पतींमध्ये केली. रानातून समूळ नाहीशा होण्याच्या पायरीच्या अलीकडची ही पायरी आहे. अथर्ववेदापासून ज्याचे नाव चालत आले, ते झाड एका पिढीच्या हावेने या पायरीवर येऊन उभे आहे. अगरूचीही गत फारशी वेगळी नाही. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९५ पासून नियंत्रण आहे.

झाड दुर्मिळ झाले की भेसळ वाढते. बाजारात गुग्गुळ म्हणून सालईचा किंवा बाभळीचा डिंक, कधी वाळू-माती मिसळूनही विकला जातो. चांगला गुग्गुळ पाण्यात घोटला तर पाणी दुधासारखे पांढरट होते, आणि निखाऱ्यावर टाकला तर तो फुगतो. जुन्या काष्ठौषधी दुकानदारांना अशा खुणा ठाऊक असत. विकत घेणाऱ्यानेही त्या जाणून घ्याव्यात.

धूर आणि छाती

धुपाने हवा शुद्ध होते, असे पूर्वापार मानले जाते. या समजुतीची आधुनिक काळात परीक्षाही झाली आहे. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हवनसामग्रीचा धूर बंद खोलीत एक तास केल्यावर हवेतील जिवाणू ९४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे वाचून समाधान वाटेल.

पण त्याबरोबर दुसरी बाजूही सांगणे अगत्याचे आहे. जो धूर जंतूंना सोसत नाही, तो माणसाच्या छातीलाही सुखाचा नसतो. धूर गुग्गुळाचा असो, कडुनिंबाचा असो की कारखान्यातील उदबत्तीचा. त्यात अतिसूक्ष्म कण असतात व ते फुप्फुसात खोल जातात. दमेकरी, वृद्ध आणि तान्ही मुले यांना त्यांचा त्रास अधिक होतो. ‘नैसर्गिक’ या एका शब्दाने धूर निरुपद्रवी होत नाही.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल तर विशेष काळजी घेतली पाहिजे. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. झोपेतच माणूस बेशुद्ध पडतो. जुनी घरे कौलारू होती, भिंतींना झरोके होते, वारा खेळता असे. आजच्या सिमेंटच्या बंद खोलीत तीच शेगडी जिवावर बेतू शकते. म्हणून बाळाला व आईला धुरात ठेवू नये. ज्यांना प्रथा म्हणून धूप फिरवावयाचा आहे, त्यांनी तो खोली रिकामी असताना, दारे उघडी ठेवून, थोडका फिरवावा. देवघरातही चिमूटभर धूप पुरतो. गाभारा धुराने कोंदून गेला म्हणजे भक्ती वाढते असे नाही, आणि सर्वांत जास्त वेळ आत उभ्या राहणाऱ्या पुजाऱ्याच्या छातीचाही विचार विश्वस्तांनी केला पाहिजे. नव्या बांधकामात गाभाऱ्याच्या वरच्या बाजूस धूर निघून जाण्यास वाट ठेवली, तर ती मोठी सोय होईल.

झाडांचाही जीर्णोद्धार

आपल्या पूर्वजांनी देवाच्या नावाने नुसती देवळे बांधली नाहीत, राईही राखल्या. देवराईतील फांदी तोडावयाची नाही, पाचोळाही न्यावयाचा नाही, असा दंडक असे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. आसपासचे डोंगर उघडे पडले असताना जुनी, दुर्मिळ झाडे देवाच्या धाकाने या राईंत टिकून राहिली होती. देऊळ आणि झाड हे नाते असे जुने आहे.

तेव्हा देवळाचा जीर्णोद्धार करताना त्याच्या आवारात चार झाडे लावणे, हा त्या कार्याचाच भाग समजावा. जमीन पाहून झाड निवडावे. मुरमाड, पाणी न साचणारी, कमी पावसाची जागा असेल, तर गुग्गुळ व सालई लावून पाहता येतील. दोन्ही झाडे फांदीच्या छाटापासून येतात. जास्त पावसाच्या गावाने गुग्गुळाचा हट्ट धरू नये. तेथे स्थानिक रानातील धूपवृक्षाची रोपे रोपवाटिकेतून मिळवावीत. बेल, कडुनिंब आणि निर्गुडी ही तर बहुतेक ठिकाणी सहज जगतात. रोपे वनखात्याच्या किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत, रानातील झाड उपटून आणू नये. लावलेल्या झाडाला चिकाच्या लोभाने कोवळेपणीच खाच पाडू नये.

दुसरी गोष्ट निर्माल्याची. रोजची फुले ओढ्यात टाकण्याऐवजी, दोरा व कागद काढून, सावलीत वाळवून त्यांची पूड करता येते. तीत वाळलेले शेण, तुळशीच्या काड्या, वाळा, शेतातील नागरमोथा यांचे चूर्ण आणि थोडे तूप मिसळून हाताने वड्या वळल्या, की साधा धूप तयार होतो. गावातील बायकांच्या बचत गटाला यातून थोडेफार कामही मिळू शकेल. अशा धुपाला दुकानातील उदबत्तीसारखा भपकेदार वास येणार नाही. पण त्यात काय आहे, ते गावाला नेमके ठाऊक असेल.

तिसरी गोष्ट दात्यांसाठी. पूर्वी धूपदीपासाठी जमीन लावून देत, कारण ही सेवा एका दिवसाची नव्हती. आज कोणी भाविकाने फरशी दिली, कोणी घंटा दिली, कोणी कळस दिला. त्या सर्वांची नावे योग्य मानाने फलकावर लागतीलच. त्यांच्याबरोबर कोणी एखाद्या झाडाला तीन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारी घेतली, तर तेही देवाला दिलेले इनामच ठरेल. गुग्गुळ चीक देण्याजोगा होण्यास दहा वर्षे लागतात. आज लावणाऱ्याच्या मुलाच्या हातून त्याचा पहिला खडा निखाऱ्यावर पडेल.

धुतलेल्या, नव्या गाभाऱ्याच्या दगडावर उद्यापासून पुन्हा काजळी धरू लागेल. पन्नास-शंभर वर्षांनी दुसरी पिढी पुढचा जीर्णोद्धार काढील आणि कुंचा घेऊन ती घासू लागेल. त्या वेळी देवळामागे गुग्गुळाचे, सालईचे किंवा धुपाचे एखादे जुने झाड उभे असावे, आणि हा धूर त्याच झाडाचा, असे त्या माणसांना सांगता यावे.